अर्धी वाटी काढा

कडेगावच्या वाटेवर हरणाबाई तिसऱ्यांदा बाभळीखाली टेकल्या.

"बस गं घडीभर," त्या सुनेला म्हणाल्या. "दुखणाईत माणसानं लय चालू न्हाई."

मनुबाई निमूट बसली. वीस वर्षांची पोर, पण गेले दोन महिने उठता-बसता पोट धरायची. हरणाबाईंचा लेक जोतीराम पलटणीत, जम्मूला. जाताना एवढंच म्हणाला होता, "आई, मनूला जप." माघात तो रजेवर यायचा होता. त्याच्यापुढं सून अशी कण्हत उभी राहिली तर काय तोंड दाखवायचं, या काळजीनं हरणाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दिवाळीपासून त्यांनी आपलं लुगडंसुद्धा सुनेला धुऊ दिलं नव्हतं. पहाटेच ओढ्यावर जाऊन स्वतः पिळून आणायच्या.

कडेगावची अंबूबाई झाडपाल्याचं औषध द्यायची. बायकांच्या दुखण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "काय हुतंय, बाळ?" तिनं विचारलं.

मनुबाईनं मान खाली घातली. "आत्यास्नी ठावं हाय."

मग हरणाबाईंनीच सगळं सांगितलं. कंबर धरते, ओटीपोटात ओढ लागते, पाळी आली की आठ-आठ दिवस अंगावर जातं, चाललं की पाय भरून येतात. कळ कुठून उठते आणि कुठं थांबते, तेही.

"तुमास्नी बरंच ठावं," अंबूबाई म्हणाली.

"सासू हाय मी. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

"आन् तुमी बऱ्या हायसा न्हवं?"

"मला काय धाड भरलीया?"

अंबूबाईनं अशोकाची साल दिली. रोज सकाळी काढा उकळायचा. पण दोन अटी. काढा करणारीनं आधी स्वतः अर्धी वाटी प्यायची, मग उरलेली दुखणाईतानं. नाहीतर गुण येत नाही. आणि चाळीस दिवस घरातल्या कुठल्याच बाईनं भरली घागर उचलायची नाही.

"असली कसली अट?" हरणाबाई वाटभर कुरकुरल्या. पण सुनेसाठी त्यांनी विषसुद्धा चाखलं असतं. काढा महाकडू. नाक दाबून त्या आपला वाटा संपवायच्या आणि सून तिचा पिईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. घागरी त्यांच्या मालकांनी, आप्पासोंनी, वाहिल्या. विहिरीवरच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. आप्पासो बिचारे दोन दिवस लाजले, तिसऱ्या दिवसापासून खुशाल गप्पा मारत पाणी शेंदू लागले.

चाळिसाव्या दिवशी मनुबाई म्हणाली, "आत्या, आता पोट दुखत न्हाई बगा." हरणाबाईंना भरून आलं. त्यांनी तिची दृष्ट काढली. जोतीराम यायला अजून आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी खण-नारळ घेऊन त्या एकट्याच निघाल्या आणि उन्हं चढायच्या आत, मध्ये कुठं न टेकता, अंबूबाईच्या दारात पोचल्या.

"पोर खडखडीत बरी झाली," त्या म्हणाल्या.

"आन् तुमची कंबर?"

"ती बी आता..." हरणाबाईंचा हात आपसूक कंबरेवर गेला.

अंबूबाईनं खण-नारळ त्यांच्या हातात परत ठेवला. "ह्यो मनूच्या वटीत घाला. एक दिस बी दुखणं न्हवतं पोरीला, आन् चाळीस दिस कडू काढा प्याली."