देठापासून तीन शिरा

"उद्या कुठलं पान ठेवायचं, सर?" प्रयोगशाळेतल्या निजामभाईंनी विचारलं.

"केळीचं. समांतर शिरा. पण कुणाला सांगू नका," शरदचंद्र सर म्हणाले.

"मी न्हाई सांगत. तुमी बी सांगू नका. कुणालाच."

चोराच्या मनात चांदणं, सर मनात म्हणाले.

गेल्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिकात पंख्याच्या वाऱ्यानं ट्रेमधलं आंब्याचं पान उडून गेलं. तरी रिकाम्या ट्रेसमोर नऊ पोरांनी 'जाळीदार शिराविन्यास, आंबा' असं बिनदिक्कत लिहिलं. नऊही एकाच क्लासची! लातुरात क्लास गल्लोगल्ली झाले होते, पण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली एकट्या निजामभाईंकडे होती. म्हणून यंदा हा सापळा. पोरांनी केळ लिहिली की चोर सापडला.

सरांना वाईट वाटत होतं. भूकंपात आजोळी गाडली गेलेली त्यांची लेक मालविका याच माणसानं हातांनी दगड उपसून बाहेर काढली होती. निजामभाईंची दोन बोटं तेव्हापासून वाकडीच राहिली. पण उपकार वेगळे आणि परीक्षा वेगळी.

ट्रेमध्ये प्रत्यक्षात बोराचं पान ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. संध्याकाळी अंगणातल्या बोरीचं एक पान तोडून ते त्यांनी कौतुकानं लेकीला दाखवलं. "बघ, देठापासूनच तीन शिरा फुटतात!" तीही यंदा दुसऱ्या कॉलेजातून बारावीला होती. हुशार म्हणून क्लासवाल्यांनी तिची फीसुद्धा माफ केली होती.

सकाळी बघतात तर पान आखडलेलं. ते घरीच डायरीत ठेवून सरांनी वाटेत पिंपळाचं पान तोडलं आणि कुणाशी न बोलता ट्रेमध्ये ठेवलं.

पोरं पानाकडे न बघताच लिहीत सुटली.

परीक्षा संपल्यावर सरांनी उत्तरांचा गठ्ठा बांधला आणि निजामभाईंना बोलावलं. "गठ्ठा सोडला की सगळं उघड होईल. आधीच कबूल करा."

"पोरांनी काय लिवलं, वाचलं का तुमी?"

"अजून नाही."

निजामभाई गठ्ठ्याकडे बघत राहिले. "मालूबेटी बरी हाय ना?"

उपकाराची आठवण करून देतायत, असं वाटून सर भडकले. "तिला मध्ये आणू नका!"

"न्हाई आणत." त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. "मीच सांगितलं, सर. राजीनामा लिवून देतो. गठ्ठा बघू बी नका आता."

वाकड्या बोटांनी त्यांनी सही केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले. सरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि रडूही आलं.

राजीनाम्याला पुरावा जोडायला हवा म्हणून त्यांनी गठ्ठा सोडला.

केळ कुणीच लिहिली नव्हती. त्या क्लासच्या यंदाच्या अकराही पोरांच्या कागदांवर एकच ओळ होती: 'देठापासूनच तीन शिरा फुटतात. बोर.'