तिसरा मजला

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर असावे आणि लिफ्ट केवळ अधिकाऱ्यांसाठी राखीव असावी, यात आजवर कोणालाही काही वावगे वाटले नव्हते. सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेला एक सैनिक तेथे चाकांची खुर्ची मागायला आला, तेव्हा त्याच्या बायकोने पदर खोचला, त्याला पाठीवर घेतले आणि ती जिना चढू लागली.

"दमलीस ना? टेकव मला इथेच."

"गप्प बसा हो! सासूबाई बजावायच्या, नवऱ्याला डोक्यावर बसवू नकोस. पाठीचं काही बोलल्या नव्हत्या."

वर पोहोचल्यावर साहेबांनी विचारले, "लिफ्टशिवाय आलात कसे?"

"मीच आणलं यांना पाठीवर," ती धापा टाकत म्हणाली. "रोज घरातही मीच उचलते. आता तरी खुर्ची द्या, साहेब."

साहेबांनी चष्मा सावरला आणि तिला खांद्यांपासून पावलांपर्यंत शांतपणे निरखले. मग शेजारच्या कारकुनाला त्यांनी निर्णय सांगितला.



"खुर्ची नामंजूर. यांच्याकडे ने-आण करायचं साधन आहे."