तिच्या बाजूचे आकडे

"आणि ह्याचा आवाज बंद करता येतो का?" बुद्धिबळाचं चौथं घड्याळ उलटं करून त्याचं बूड न्याहाळत मीटर तपासनीसाने विचारलं.

दुकानदार म्हणाला, येतो. आधीच्या तिन्ही घड्याळांचाही येत होता.

तपासनीसाची बायको शेजारी पिशवी छातीशी धरून उभी होती. साडेदहा वाजून गेले होते. अकराला स्पर्धेची शेवटची फेरी, आणि घड्याळ ज्याचं त्याने आणायचं, नाही आणलं तर डाव गेला, असं पंचांनी काल सगळ्यांना बजावलं होतं. काल ती सगळे डाव जिंकली होती. आजचा जिंकला की पहिला नंबर तिचा. सभागृह इथून चालत दहा मिनिटांवर होतं आणि नवरा घड्याळाचं बूड बघत होता.

मुळात तिचं जुनं घड्याळ धड चालत होतं. ते तासाला दोन सेकंद मागे पडतं, हा शोध काल जेवणानंतर नवऱ्याला लागला आणि त्याने ते उघडलं. जन्मभर लोकांची विजेची मीटरं तपासलेला माणूस, त्याला दोन सेकंद कसे सोसणार? सकाळी घड्याळ वाटीत होतं, आणि हा म्हणत होता की एक स्क्रू जास्तीचा वाटतोय.

दुकानात शिरल्या शिरल्या तिने पहिल्याच घड्याळावर बोट ठेवलं होतं. आकडे मोठे, दर चालीला वाढीव सेकंद देता येतात, स्पर्धेत चालतं. आणखी काय हवं? पण नवऱ्याचं म्हणणं पडलं की घाई कामाची नाही. घड्याळ स्पर्धेला चाललं पाहिजे आणि सुट्टीच्या दिवशी दोघं घरी खेळतात तेव्हाही चाललं पाहिजे. घरी तुम्ही चाल खेळता कुठे, नुसता विचार करता, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. एकदा तिने स्वतःच्या पसंतीने मिक्सर आणला होता. तो जळेपर्यंत तिला त्यावरून ऐकावं लागलं, आणि जळल्यावर तर विचारूच नका.

नवरा आता बॅटरीकडे वळला होता. मीटर फार पळतंय म्हणून भांडायला येणाऱ्यांना आपण कसं गप्प करतो, हेही दुकानदाराला सांगून झालं. मीटर बरोबर आहे, वापर तुमचा आहे, एवढंच म्हणायचं. पुढे कोणी बोलतच नाही, म्हणे.

तिचं डोकं तापलं. कडेला सारलेलं पहिलं घड्याळ तिने पुढे ओढलं, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं लावली आणि वरची पट्टी आपल्या बाजूने दाबली. नवऱ्याच्या बाजूचे आकडे उतरायला लागले. जो बोलेल त्याची वेळ जाणार, एवढाच नियम तिने मनाशी केला.

तो झाकणाबद्दल बोलला, मग हमीबद्दल बोलला. हमी एक वर्षाचीच का, दोन वर्षांची का नाही, यावर बराच वेळ बोलला. श्वास घ्यायला थांबला तशी तिने त्याच्या बाजूची पट्टी दाबली.

"अहो, अकराला..."

"अगं हो, माहितीये मला. पण एकदाच काय ते नीट बघून घेऊ."

तिने पट्टी पुन्हा आपल्या बाजूने दाबली. पुढच्या खेपेला ती "मला हेच" एवढंच म्हणू शकली, कारण त्याला तेवढ्यात पट्टीच्या खटखटीबद्दल शंका आली. त्यानंतर तिचं नुसतं तोंड उघडलं. दुकानदार आळीपाळीने तिच्याकडे आणि चालत्या घड्याळाकडे बघत होता. त्याला उमगलं असावं, कारण तो उत्तरं आखडती द्यायला लागला होता.

शेवटी शंका संपल्या. आपल्याला कोणी काहीच म्हणत नाही हे जाणवून तपासनीसाने मान वळवली, आणि त्याची नजर त्या घड्याळावर गेली.

"हे बिघडलंय," तो म्हणाला. "डावीकडे तीन मिनिटं उरलीत आणि उजवीकडे नऊ मिनिटं एक्कावन्न सेकंद. दोन्ही बाजू सारख्या लावल्या होत्यास ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"डावी बाजू तुमची, साहेब," दुकानदार म्हणाला. "तुम्ही बोलत होतात ती. उजवी बाईंची."

तपासनीसाने मनगट वर केलं. सवयच ती. आपल्या घड्याळाचा सेकंदकाटा आणि डावीकडे उतरणारे आकडे त्याने थोडा वेळ ताडून पाहिले. मग उजवीकडच्या थांबलेल्या आकड्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मीटर बरोबर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही.

त्याने खिशातून पैसे काढून काउंटरवर ठेवले. खोकं नको म्हणून हातानेच खुणावलं. मग वाकून आपल्या बाजूची पट्टी स्वतःच दाबली.

तिच्या बाजूचे आकडे चालू झाले. समोर नवरा तोंड मिटून उभा होता, तिच्या बोलण्याची वाट बघत. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही नेमकं आज, हातात एक मिनिट नसताना. तिला राग आवरेना आणि हसूही. सांगायचं म्हटलं तर मिक्सरपासून सगळंच होतं.

तिने घड्याळ तसंच चालू ठेवून पिशवीत टाकलं आणि दाराकडे निघाली.

"चला," ती म्हणाली. "सभागृह येईपर्यंत माझी वेळ आहे."