परस्परसंबंध नाही

दोन महिन्यांच्या रजेनंतर ती शब्दकोशाच्या कार्यालयात परतली, तेव्हा कोणी काही विचारलं नाही. संपादकांनी हलकं काम म्हणून तिला दोन अक्षरांचा शब्द दिला. "‘वार’ घ्या, बाई. दिसायला एक, पण शब्द चार. मुळं वेगळी, म्हणून कार्डंही वेगळी. प्रत्येकावर एक उदाहरण द्या आणि तळाशी आपला नेहमीचा शेरा मारा, ‘परस्परसंबंध नाही’."

"बरं, सर."

जेवणाच्या सुट्टीत ती चार कार्डं त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. त्यांनी चष्मा पुसून पहिलं उचललं. दिवस या अर्थी तिनं लिहिलं होतं, "तो वार आला की घरात कोणी फारसं बोलत नाही."

"मोघम आहे," ते पुटपुटले.

मापाच्या कार्डावर होतं, "झबल्यांसाठी आणलेलं दोन वार कापड अजून घडीतच आहे." तिसरं कार्ड बाळंतपणात मागाहून पडणाऱ्या वारेचं. "वार पडली तरी सगळे बाळाच्या रडण्याची वाट बघत होते."

शेवटचं कार्ड घावाचं होतं. "‘होईल की दुसरं’, हा वार सर्वांत खोल बसला."

रजा मागायला तिनं फोन केला होता, तेव्हा हे वाक्य त्यांनीच उच्चारलं होतं.

एकाही कार्डावर तिनं शेरा मारला नव्हता. तो लिहायला त्यांनी पेन उघडलं, आणि बऱ्याच वेळानं तसंच टोपण लावून ठेवलं.