वाफेचा तिसरा दिवस

सौनाच्या वाफेच्या खोलीचं लाकडी दार ओढून घेतलं की बाहेर पोहण्याच्या टँकवरच्या बायकापोरांचा गलका एकदम बंद व्हायचा. आज तिसरा दिवस होता, तरी बायडाबाई फळीच्या कडेवरच बसली, एसटीत कुणी सरकून जागा दिल्यावर बसावं तशी. अंगात भाचेसुनेचा, शेफालीचा गाऊन. दंडाला तंग.

शेफाली बाहेर फोनवर होती. आतली सगळी जबाबदारी तिच्या मुलीकडं, राजनंदिनीकडं. ती सहा वर्षांची. तिनं भिंतीवरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं. दारावर पाटी होती : 'लहान मुलांना पाच मिनिटांच्या वर आत बसवू नये. मोठ्यांनी स्वतःचे स्वतः बघावे.'

"आत्याआजी, पाणी टाकू?"

"टाक. पर लांबून."

डावभर पाणी तापल्या दगडांवर पडलं, चर्र झालं, वाफ उठली.

"आमच्याकडं चुलीवर दूध उतू गेलं की असाच आवाज येतो," बायडाबाई म्हणाली. "तिथं शिव्या बसत्यात. इथं तिकीट काढून आत बसायचं."

राजनंदिनी खुदकन हसली. बायडाबाईही हसली. बासष्ट वर्षांत तिनं घाम गाळला होता तो वाकून. बसल्याबसल्याही घाम येतो, हे तिला हडपसरला माहेरी आल्यावर कळलं.

आणि काय माहेरपण! चार दिवसांत शेफालीनं तिला साधी कपबशी विसळू दिली नव्हती. रात्री स्वतः शेजारी बसून हातांना क्रीम चोळायची, वर मोजे चढवायची. काल बायडाबाई सवयीनं उठून भांड्यांकडं गेली, तर जयसिंग, तिचा सख्खा भाऊ, सोफ्यावरून ओरडला, "बायडे, बस म्हटलं ना!" एवढ्या वर्षांत या घरात तिला 'बस' असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं रात्रीच गावाकडं सुनेला फोन लावला. "तू म्हनायचीस न्हवं, तुमच्या माहेरी तुम्हाला कुनी इचारत न्हाई? ये म्हनावं बघायला."

राजनंदिनीनं तिचा हात ओढून घेतला, अंगठा दिव्यासमोर धरला आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"अजून नाही आल्या."

"काय गं?"

"रेषा. माझ्या बघ किती आहेत, गोल गोल. तुझ्या सगळ्या पुसल्यात. पण मम्मी म्हणाली, वाफेनी आणि क्रीमनी येतील. मग उद्या ऑफिसातलं मशीन टिंग करणार. मागच्या वेळी लाल लाइट लागला तेव्हा आबा किती चिडले होते गाडीत!"

मागच्या मंगळवारची गोष्ट. वडिलांच्या जमिनीतला हक्क भावाच्या नावानं सोडायला बायडाबाईनं रजिस्ट्री ऑफिसातल्या त्या मशीनवर सहा वेळा अंगठा ठेवला होता. सहाही वेळा मशीन नाही म्हणालं. तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परतताना गाडीत तिनं भावाची माफीसुद्धा मागितली होती.

"मग भांडी..." बायडाबाईनं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. "भांडी त्याच्यापायी घासायची न्हाईत व्हय?"

"हो ना. साबणानी रेषा जातात." राजनंदिनीनं तिचा हात गाऊनवर नीट ठेवून दिला. "पण उद्यानंतर घासलीस तरी चालेल. भांडीवाल्या मावशींना मम्मीनी उद्यापर्यंतच यायला सांगितलंय."

वाफ विरत गेली. समोरच्या फळीवर कुणीतरी विसरलेली केसांची पिन होती. बायडाबाई तिच्याकडं बघत राहिली.

अंगठा तर ती देणारच होती. 'बायडे, चल' एवढं म्हटलं असतं, तर शेणानं भरल्या हाताची उठून आली असती.

"आत्याआजी, वाळू संपली. चल."

"तू हो म्होरं."

"एकटी नको जाऊ म्हणालीय मम्मी. तुला सोडून."

दार उघडलं. शेफालीनं फोन कानाला खांद्यानं दाबून धरला होता. "आत्या, बरं वाटतंय ना? बघू हात." तिनं अंगठा चाचपला, फोनमध्ये म्हणाली, "हो हो, मामंजी, मस्त झालेत. उद्या साडेदहाला निघू," आणि मग बायडाबाईकडं वळली, "अगदी लोण्यासारखे झालेत हो!"

"व्हय," बायडाबाई म्हणाली. "लई मऊ."

"आता नुसत्या पाण्यानं आंघोळ करा. साबण मुळीच नको हं. आणि उद्यासाठी नवी साडी काढून ठेवलीय."

"ठेव."

न्हाणीघरात नळाशी पाय घासायला पितळेची वज्री होती, कुणी नेऊ नये म्हणून साखळीनं बांधलेली. राजनंदिनी टॉवेल धरून दाराशी उभी राहिली. बायडाबाई पाटावर बसली. साखळी जेमतेम मांडीपर्यंत पोचत होती. तिनं वज्री ओली केली आणि घासायला सुरुवात केली, गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच मन लावून, करपलेल्या कढईचा तळ घासावा तशी.

राजनंदिनी थोडा वेळ बघत राहिली.

"आत्याआजी, ते तर पायाचं आहे."

"पायाचंच हाय," बायडाबाई म्हणाली, आणि दुसरा अंगठा घेतला.