दीड मिली

शिवांगीनं ब्युरेटच्या काचनळीची तोटी अजून उघडलीच नव्हती, तरी फ्लास्कमधलं दूध गुलाबी झालं.

तिनं फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला. दहा मिली दूध आणि रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे तीन थेंब, बस्स. नळीतल्या कॉस्टिक सोड्याचा टिपूसही पडला नव्हता. ताज्यातल्या ताज्या दुधातही थोडं आम्ल असतंच. ते मारायला दीड मिली कॉस्टिक लागतं, मग कुठे फिक्कट गुलाबी रंग येतो. आंबलेल्या दुधाला जास्त लागतं. काहीच न लागणारं दूध आजवर कुठल्या म्हशीनं दिलेलं नाही.

कॅन सिंधुमावशीचा होता.

चाकूरजवळच्या त्या दूध केंद्रात दूध तपासणाऱ्या शिवांगीला सगळे मॅडम म्हणत. एकटी सिंधुमावशी ‘बाई’ म्हणायची, शाळेतल्यासारखं. तीन आठवड्यांपूर्वी तिचा कॅन आंबट म्हणून परत गेला, तेव्हा ती भांडली नाही, ‘कसं कळतंय?’ म्हणून विचारायला आली. बी.एस्सी. करून शिक्षिकेच्या जागेची वाट बघत बसलेल्या शिवांगीला आयतीच विद्यार्थिनी मिळाली. तिनं मावशीच्या हातात तोटी दिली, थेंब मोजायला लावले. रंग का बदलतो ते काही मावशीच्या डोक्यात शिरेना. शेवटी शिवांगी म्हणाली, "पदराला हळदीचा डाग पडला अन् साबण लावला की तो लाल होतो ना? तसंच हे. आंबट संपून खारं सुरू झालं की रंग सांगतो." मावशीचा चेहरा असा खुलला, की शिवांगी त्या दिवशी गुणगुणतच घरी गेली.

त्यानंतर मावशीचा कॅन रोज दीड मिली. वीस दिवस, रेघभरही इकडे-तिकडे नाही. रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळू नका, हे सांगितलेलं एक तरी माणूस ऐकतंय म्हणून शिवांगी सगळ्यांपुढे मावशीचे गोडवे गायची. शिवांगीच्या चार वर्षांच्या लेकीसाठी, पुनमसाठी, रोज अर्धा लिटर त्याच कॅनमधून जायचं. मावशी स्वतः मापून द्यायची, वर थोडं जास्तीचं घालून.

"मावशी, सोडा टाकलाय?"

मावशीनं फ्लास्ककडं पाहिलं. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं शिवांगीला वाटून गेलं.

"हाव. धुण्याचा. रातचं दूध टिकून न्हाई राहिलं बाई, ऊन लई हाय. सोड्यानं आंबट मरतंय."

"कधीपासून?"

"तुमी शिकवलं तवापासून."

शिवांगीला राग नंतर आला. आधी लाज वाटली, भर वर्गात कुणी हसावं तशी. वीस दिवस एकच आकडा येतोय आणि आपण शहाणी बाई त्यावर खूश!

"माझी पोर पिते ते दूध. तुम्ही तुमच्या हातानं मापून देत होता, मावशी!"

मावशी कॅनच्या झाकणाकडं बघत राहिली. "तुमाला दूध द्यायला न्हाई कसं म्हणू? तुमाला शंका आली असती."

बाहेर टँकर येऊन उभा राहिला.

"पण मला वीस दिवस कळलं कसं नाही?" हे शिवांगीनं स्वतःलाच विचारलं होतं. उत्तर मावशीनं दिलं, पाठ केलेला धडा म्हणावा तसं.

"रोज घरी वाटीभर दुधात हळद टाकून बघायचे. लाल व्हायला किती सोडा लागतोय ते मोजायचं, त्यातून ताज्या दुधाला लागतो तेवढा कमी करायचा, अन् बाकीचा त्याच हिशोबानं कॅनमधी टाकायचा. तुमी सांगितलं तसंच, बाई." तिनं झाकण कॅनवर दाबून बसवलं. "काल घरातली हळद सरली. म्हणून आज अंदाजानं टाकला."