पोशेऱ्याचा पंपतज्ज्ञ

फट्ट! कंट्रोलरच्या डब्यातून धूर निघाला. मोटरला वीज सोडणारे सहाही ट्रान्झिस्टर दुसऱ्यांदा जळाले.

विहिरीभोवती हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी पोहरे पुन्हा विहिरीत सोडले. कमलेशला तेच जास्त लागलं. पोशेऱ्याजवळच्या या पाड्यावरचा सोलर पंप दहा दिवस बंद होता. टेकडीवरची टाकी कोरडी पडली होती. बायका विहिरीतून पाणी शेंदून भर उन्हात चढण चढत होत्या. "उद्या नळाला पाणी," असं कमलेशने पहिल्याच दिवशी छातीठोकपणे सांगितलं होतं. जव्हारला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर 'इलेक्ट्रॉनिक तज्ज्ञ' हे शब्द त्याने स्वतःच रंगवले होते. दुसऱ्या कुणी रंगवले असते, असं त्यालाही वाटत नव्हतं.

"माल डुप्लिकेट निघाला," तो म्हणाला. पहिल्या खेपेला त्याने उन्हाला दोष दिला होता. आता ग्रहतारेच उरले होते.

दोन दिवसांनी तो दुकानातून डब्यात नवे ट्रान्झिस्टर बसवून परत आला. मोटरला पुन्हा मीटर लावला. मोटर ठणठणीत! तरी बटणापाशी त्याचा हात अडला.

"थांब रं," शेळ्यांसाठी पाणी शेंदणारी धोंडीबाई म्हणाली. "आधी ती इहिरीतली वायर बघ. पंप चालू झाला का हिसका खाते नि दगडावर घासते."

हे इलेक्ट्रॉनिक काम आहे, असं तो म्हणणार होता. पण बटण दाबायचं धाडस नव्हतं, म्हणून तो विहिरीच्या काठावर पालथा पडला.

आत दगडाच्या धारेवर केबलची साल पार सोलून निघाली होती. दोन तारा उघड्या पडल्या होत्या. पंप सुरू होताना त्या एकमेकींना चिकटत आणि वर ट्रान्झिस्टर जळत. बंद पंपाला मीटर लावणाऱ्या तज्ज्ञाला हे कळणार कसं?

"आजी, आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी? डब्यात डोकं घालून बसलेलास."

त्याने दोन्ही तारांवर वेगवेगळी टेप गुंडाळली, केबल दगडापासून दूर बांधली आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. बायका धोंडीबाईभोवती गोळा झाल्या. कमलेशने स्वतःच स्वतःची हत्यारं आवरली.

चौथ्या दिवशी दुकानात फोन आला. शेजारच्या पाड्यावरचा पंप बंद पडला होता.

"निघालोच!" कमलेश म्हणाला.

"या," पलीकडून बाई म्हणाली. "तुमची गाडी हाय ना? येताना धोंडीबाईला घेऊन या."